एक मिलिसेकंद आणि आत्याचा अर्ज

तर मंडळी, गेल्या महिन्यात मी कीबोर्ड घेतला. गेमिंगचा, मेकॅनिकल, वायरवाला, ६१ बटणांचा. लाल स्विच, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास दाब, २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं, एकूण चाल ४ मिलिमीटर. १००० हर्ट्झ, म्हणजे दर मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला खबर. आणि १ कोटी ६८ लाख रंगांचे दिवे! त्यातला मी एकच वापरतो, बंद.

शनिवारी तो घेऊन रत्नागिरीला घरी गेलो. आत्याचा हात प्लास्टरमध्ये. म्हणाली, "अरे, नळाच्या पाण्याबद्दल एक अर्ज टाइप करून दे. पानभरच आहे."

पानभर! रोमनमध्ये लिहा, त्याची देवनागरी करा, चुकलेली अक्षरं कुठून कुठून कॉपी-पेस्ट करा... 'नळ'चा 'नल' झाला, 'पाणी'चं 'पानी'. दीड तास गेला. आत्या रिटायर्ड टायपिस्ट, टाइपरायटरवर मराठी ३० पास. म्हणजे मिनिटाला ३० शब्द, ३०० शब्दांचा अर्ज १० मिनिटांत. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता आपल्या ऑफिसातल्या गप्पा आठवा. ब्लू की ब्राउन, एबीएस की पीबीटी, आता तर ८००० हर्ट्झ. मिलिसेकंदाच्या आठव्या भागासाठी भांडणारे आपण आईला मेसेज 'kashi ahes' असा टाकतो! त्या लिपीत 'pal' म्हणजे पल, पळ, पाल की पाळ, हे आईने ओळखायचं.

बरं, हार्डवेअर कमी पडतं म्हणावं तर तसंही नाही. इनस्क्रिप्ट १९९१ पासून भारतीय मानक आहे, आयएस १३१९४. विंडोज, लिनक्स दोन्हींत फुकट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि टाइप करायचं उच्चाराच्या क्रमाने. आत्याच्या मशीनवर 'गि' लिहिताना वेलांटी आधी मारावी लागे. इथे आधी ग, मग वेलांटी. 'रत्नागिरी'ला ९ बटणं लागतात, शिफ्ट एकदाही नाही. या ६१ बटणांत सगळी मराठी बसते. ॲरोची बटणं एफएनखाली लपवलीत, ते मात्र खरंच वैतागवाणं आहे, मजकूर सुधारताना बोटं मोडतात.

बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत, हे दुसरं कारण. पण कोड लिहिताना तुम्ही बटणांकडे बघता का? नाही ना? मग?

आणि 'मेकॅनिकल' हा शब्द गेमिंगवाल्यांनी शोधल्यासारखा मिरवू नका. टीव्हीएस गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच होते, तो कीबोर्ड कचेऱ्यांतून खडखडत होता तेव्हा आपण शाळेत होतो. गोदरेजचे टाइपरायटर तर १९५५ पासूनचे. तिथे वेग मोजायचे तो माणसाचा.

मी इनस्क्रिप्ट शिकतोय. तीन आठवड्यांत मिनिटाला ११ शब्द, ज्ञ आला की अजून थांबतो. आत्या दर रविवारी फोनवर आकडा विचारते.