भिंतीवरची तसबीर आणि पडद्यावरचे घर

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लोणावळ्याच्या अलीकडे मळवली हे लहानसे स्थानक लागते. कार्ले-भाज्याची लेणी पाहण्यास जाणारे प्रवासी येथे उतरतात; इतरांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. मात्र महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या भिंतींचा इतिहास या गावाशी जोडलेला आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना प्लेगच्या दिवसांत, १८९९ मध्ये, मळवलीला हलविण्यात आला. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांच्या रंगीत तसबिरी येथून निघून खेडोपाडीच्या माजघरांत पोहोचल्या. ज्यांच्यासाठी देवळाच्या गाभाऱ्याची वाट बंद होती, त्यांच्याही झोपडीत देव आला तो या कागदावरून.

याच छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम करणारा एक तरुण लोणावळ्यात आपला व्यवसाय थाटून होता. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या, पुरातत्त्व खात्याची नोकरी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडलेल्या या माणसाने ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या प्रेक्षकांपुढे आणला. राजाचा महाल कसा असावा, राणीने पदर कसा घ्यावा, सिंहासनामागे पडदा कोणता सोडावा, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. ते त्याने घरच्या तसबिरीत रोज पाहिलेले होते. भारतीय चित्रपटाचे नेपथ्य स्टुडिओत जन्मले असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक त्याचे एक मूळ मावळातील शिळाछपाईच्या दगडावर आहे.

फाळक्यांच्या बाबतीत घर आणि चित्रपट यांत भिंतच नव्हती. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपलेली छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री कच्च्या फिल्मला भोकेही पाडली. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात घरातले सामान एकेक करून विकले जाते. त्या रिकाम्या होत जाणाऱ्या खोलीमुळे त्यागावर भाषण देण्याची गरजच उरत नाही.

हे शहाणपण प्रभात कंपनीने पुढे नेले. 'कुंकू' (१९३७) मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरातल्या वस्तूंनाच बोलू दिले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ही काकासाहेबांच्या सरत्या वयाची चाहूल होती. मिशांना कलप लावणाऱ्या वृद्ध वराला आरशाच्या तुकड्यांतून स्वतःचीच अनेक प्रतिबिंबे हसताना दिसतात, तेव्हा जरठकुमारी विवाहावरचे सारे निबंध फिके पडतात. आणि कुंकवाचा करंडा! तीच वस्तू, परंतु नीरेच्या हाती ती कधी बंधन होते, कधी प्रश्न. समाजसुधारणेचा विचार घराघरांत पोहोचला तो अशा परिचित वस्तूंच्या बोटाला धरून.

दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) गोष्ट आणखी वेगळी. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटात विमान आहे, चमत्कार आहेत. परंतु मनात राहते ती आवलीची म्हैस. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी आणि मावळातला भंडारा डोंगर यांच्या आसमंतातील शेतकऱ्याच्या घरात दुभते जनावर म्हणजे काय, हे फत्तेलालांसारख्या कलादिग्दर्शकाला ठाऊक होते. म्हणूनच तुकोबांचे वैराग्य पोकळ वाटत नाही. त्याच्या समोर भुकेली मुले आणि चूल ठेवलेली आहे.

आजच्या पडद्यावरचे मराठी घर पाहिले म्हणजे हे सारे आठवते. दूरचित्रवाणी मालिकांतील देवघरे बहुधा दिवाणखान्याहून प्रशस्त असतात, समया लखलखीत असतात, पण वातीची काजळी कोठे दिसत नाही. पितळी भांडी ओळीने मांडलेली. त्यांना चिंच लावणारा हात कोणाचा, हे कळत नाही. तुळशीवृंदावन आहे, पण ओल्या मातीचा पत्ता नाही. संस्कृती दाखविण्याचा हेतू यामागे असेलही, परंतु न वापरलेली वस्तू संस्कृती सांगत नाही, दुकान सांगते. परकीय विचारांच्या आक्रमणाची चर्चा आपण पुष्कळ करतो; आपलेच देवघर आपणच शोभेच्या कपाटात ठेवले, याची चर्चा कमी होते.

पैसा नाही म्हणून असे होते, असेही नाही. घाटाखाली कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये भव्य स्टुडिओ उभारला. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा हा मराठी कलादिग्दर्शक २०२३ मध्ये अकाली गेला. 'लगान'साठी त्याने मातीची घरे उभी केली आणि 'देवदास'साठी काचेचा महाल. दोहोंत तुलना करायची तर मातीची घरेच अधिक बोलकी, कारण त्यांत माणसे राहतात असे वाटते. महाल केवळ पाहिला जातो. (अर्थात तो महाल पाहण्यासाठीच होता, हेही मान्य केले पाहिजे.)

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत गेला. परंतु वस्तू जपण्याचे वेड महाराष्ट्रात अगदीच नाही असे नाही. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, दरवाजे असे आयुष्यभर गोळा केले आणि तो संग्रह १९६२ मध्ये शासनाला दिला. पुण्याच्या त्या संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. नेपथ्यकारांनी तेथे चार दिवस घालवावेत आणि करंड्याचे झाकण कोठे झिजले आहे ते पाहावे. घरोघरच्या माळ्यांवरही अजून पुष्कळ काही शिल्लक आहे. यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत ते मोडीत घालण्यापूर्वी आजीला एकदा विचारावे, यात काय ठेवत होतीस?