बिल जोडा, पण मंजूर झालेले



बांधकाम ठेकेदारांनी कामाची बिले थेट ऑनलाइन हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडावीत, असे सुचवणारा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सूचना रास्त आहे. मिरज परिसरातल्या लहान ठेकेदारांचे हिशेब मी सतरा वर्षे लिहितो आहे. तेच आकडे आधी साइटवर, मग ऑफिसात, मग कर सल्लागाराकडे असे तीनदा चढवण्यात किती वेळ जातो आणि किती चुका होतात, हे रोज पाहतो. पण नेमका कोणता आकडा जोडायचा, हे लेखात आले नाही, आणि लहान ठेकेदार तिथेच अडकतो.

दुकानदार माल देतो, बिल फाडतो, व्यवहार मिटतो. ठेकेदाराचे आरए (रनिंग अकाउंट) बिल तसे नसते. त्यात कामाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतची मोजमापे असतात, आणि त्या रकमेतून मागची बिले वजा करून चालू बिल निघते.

आमच्याकडच्या एका सरकारी शाळेच्या वर्गखोल्यांचे काम घ्या. तिसऱ्या आरए बिलात आजवरचे काम 42,60,000 रुपयांचे, मागील बिले 31,00,000, म्हणजे चालू बिल 11,60,000. जोडणी करून देणाऱ्याने सॉफ्टवेअरला पहिला आकडा उचलायला सांगितले होते. 18 टक्क्यांनी जीएसटी 2,08,800 व्हायचा, तो 7,66,800 दिसू लागला. 'हा एवढा कर आला कुठून?' म्हणत ठेकेदार माझ्याकडे आले, तेव्हा महिन्याची 9 तारीख होती. जीएसटीआर-1 भरायची मुदत 11 तारखेची. दोन दिवस हातात होते म्हणून निभावले.

त्याहून मोठे नुकसान गुपचूप होते. याच बिलाचे करासह 13,68,800 रुपये झाले, पण बँकेत जमा झाले 12,64,400. मधले 1,04,400 कुठे गेले? 5 टक्के अनामत 58,000, जीएसटीचा टीडीएस 2 टक्क्यांनी 23,200, आयकराचा 1 टक्क्याने 11,600 आणि कामगार कल्याण उपकर 11,600. या चार रकमांची जात वेगवेगळी आहे. उपकर हा खर्च. जीएसटीचा टीडीएस पोर्टलवर स्वीकारला की रोख खात्यात जमा होतो. आयकराचा टीडीएस विवरणपत्रात वळता करून घ्यायचा. अनामत तर ठेकेदाराचेच पैसे, दोषदायित्वाची मुदत संपली की मागून घ्यायचे. सॉफ्टवेअर मात्र एवढेच सांगते, की 1,04,400 येणे बाकी. महिनाअखेरीस कुणीतरी ती बाकी 'सूट' खात्यात टाकून बिल बंद करते. मुदत संपते तेव्हा ते 58,000 मागायचे कुणाच्या लक्षातही राहत नाही. अशी विसरलेली अनामत जुन्या वह्यांत मी स्वतः शोधून काढली आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

म्हणून माझे म्हणणे असे, की साइटवरच्या इंजिनिअरने तयार केलेले कच्चे बिल हिशेबात आपोआप शिरू देऊ नये. मोजमाप पुस्तिकेवर तपासणीची सही होऊन बिल मंजूर झाले, की मगच चालू बिलाची रक्कम पुढे जावी, आणि प्रत्येक कपातीला स्वतःचे खाते असावे. खरेदीचेही तेच. एकाच बिलावर आलेल्या आठ टन सळईतली पाच टन एका साइटवर आणि तीन दुसऱ्या साइटवर उतरली, हे मिस्त्री चलनाच्या पाठीमागे पेनाने लिहून ठेवतो. ते हिशेबात साइटनिहाय आले नाही, तर वर्षअखेर नफा दिसतो, पण कोणत्या कामाने पैसा खाल्ला ते कळत नाही.

जोडणी करून देणाऱ्यांनी आधी एक मंजूर आरए बिल समोर घेऊन ओळीओळीने समजून घ्यावे. ठेकेदारांनीही पहिली तीन बिले हाताने ताडून पाहिल्याशिवाय जोडणीवर विसंबू नये.

आणि सरकारी खात्यांना कळकळीची विनंती. आमच्या हाती मंजूर बिल येते ते छापील कागदावर किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोत. त्यावरून कपाती पुन्हा टंकाव्याच लागतात, मग जोडणीचा उपयोग काय? बिल मंजूर होताच चालू रक्कम आणि प्रत्येक कपात वेगळी दाखवणारी फाइल ठेकेदाराला द्यावी. हे आकडे खात्याच्या संगणकात भरलेले असतातच.

– एक हिशेबनीस, मिरज