रजेच्या अर्जावर आजाराचे नाव कशाला?

वैद्यकीय रजेच्या प्रमाणपत्राचा एक ठरावीक नमुना आहे. त्यात रुग्णाच्या नावापुढे 'यांना अमुक आजार आहे' असे लिहिण्यासाठी जागा सोडलेली असते. हा नमुना भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला जोडलेला आहे. त्याच आचारसंहितेत असेही बजावले आहे, की उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपिते डॉक्टरने उघड करू नयेत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले आजार, एवढेच त्याला अपवाद. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली, पण त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली आणि जुनीच पुन्हा लागू झाली. रिकामी जागाही तशीच राहिली.

त्या जागेत 'मलेरिया' लिहिले तर कोणाला काही वाटत नाही. 'चिंताविकार' लिहायची वेळ आली, की रुग्ण हात जोडतो: "डॉक्टर, तेवढे सोडून दुसरे काहीही लिहा." ही विनंती वेडगळ नाही. नोकरीच्या ताणाने आजारी पडलेल्या माणसाला सर्वांत मोठी भीती नोकरीचीच असते, आणि उपचारासाठी रजा हवी तर आजाराचे नाव नोकरी देणाऱ्यालाच सांगायचे, असा हा पेच आहे.

गिरगावात तो जरा जास्तच घट्ट बसतो. इथला नोकरदार फोर्टमधल्या बँकेत, काळबादेवीच्या कापडाच्या पेढीत, झवेरी बाजारात नाहीतर वकिलाच्या कचेरीत काम करतो. ऑपेरा हाऊसचा हिऱ्यांचा व्यापार वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, तशा काहींच्या नोकऱ्याही तिकडे सरकल्या. चाळीत भिंतीला भिंत लागून, समोर सामाईक गॅलरी. समुपदेशकाशी फोनवर अर्धा तास बोलायचे तर दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही. माणूस फोन घेऊन चौपाटीवर जातो. घराजवळच्या दवाखान्यात ओळखीचे कोणी भेटेल म्हणून नायर किंवा केईएम गाठतो. तिथल्या केस पेपरवर 'मानसोपचार विभाग' असा शिक्का बसला, की तो कागद घरी आणावा की नाही, हा पुढचा प्रश्न.

चिंता आणि चिंताविकार यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. मार्चअखेरचे हिशेब जुळत नसताना झोप उडाली, तर तो आजार नव्हे. हिशेब जुळले की झोप येते. कारण संपल्यावरही धास्ती संपत नाही, आठवडेच्या आठवडे ती टिकते, आणि झोप, भूक, कामातले लक्ष, घरातले बोलणे या सगळ्यांत शिरते, तेव्हा उपचारांची गरज असते. अनेकदा हा रुग्ण मानसोपचार विभागात येतच नाही. छातीत धडधडते, हात गार पडतात, श्वास पुरत नाही, पोट बिघडलेले असते, म्हणून तो मेडिसिनच्या ओपीडीत किंवा रात्री अपघात विभागात येतो. ईसीजी नॉर्मल येतो आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' हे वाक्य ऐकून तो परत जातो. 'काही नाही' हे खरे नसते. छातीच्या दुखण्यात हृदयविकार नाही ना, थायरॉईड वाढलेला नाही ना, हे पाहणे आवश्यकच. पण ते नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. कामाच्या तासांचा परिणाम केवळ मनावर होत नाही. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला.

२०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखा कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने देशभर चर्चा झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे तास दिवसाला ९ वरून १० करण्यास, आणि या कायद्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेण्यास मंजुरी दिली. तास वाढवण्याची चर्चा जेवढी होते, तेवढी त्या तासांनी आजारी पडलेल्याने कोणाला काय सांगावे, याची होत नाही. काळबादेवीतल्या १२ माणसांच्या पेढीत मनुष्यबळ विभाग नसतो. तिथे शेठच मनुष्यबळ विभाग, शेठच लेखा विभाग, आणि आजाराची बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या गल्लीत.

आजार आणि नोकरी यांचा हा प्रश्न मुंबईत एकदा फार स्पष्टपणे सोडवला गेला आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात रोजंदारीवर काम करणारा कामगार कायम होण्याच्या टप्प्यावर होता. वैद्यकीय तपासणीत तो एचआयव्हीबाधित आढळला. तो काम करण्यास समर्थ होता, तरी त्याला काम नाकारण्यात आले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढण्याची मुभा दिली, म्हणून तो खटला आजही 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावानेच ओळखला जातो. १९९७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की माणूस त्याचे काम करू शकतो का आणि त्याच्यामुळे इतरांना खराखुरा धोका आहे का, हे पाहायचे. नुसत्या आजाराच्या नावावरून रोजगार हिरावणे हे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे.

हा निकाल एचआयव्हीचा असला, तरी त्यातली कसोटी प्रत्येक आजाराला लागू पडणारी आहे. नोकरी देणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: कर्मचारी काम करू शकतो का, कोणते काम काही काळ करू नये, आणि किती दिवस. या तिन्हींची उत्तरे आजाराचे नाव न सांगता देता येतात. बसचालक, वैमानिक, यंत्रावरचा कामगार यांच्या बाबतीत तपासणी कडक असावी, कारण तिथे दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. पण तिथेही व्यवस्थापनाला हवा असतो तो 'पात्र' किंवा 'अपात्र' हा निष्कर्ष. बाकीचा तपशील तपासणाऱ्या डॉक्टरकडेच राहिला पाहिजे.

पुढे कायदेही आले. एचआयव्हीसाठीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास त्यात मनाई आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्या सर्वांवर ती पाळण्याची जबाबदारी टाकली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले, की ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण आहे, त्यासाठी सरसकट शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो.

कागदावर हे भक्कम दिसते. भोके कुठे आहेत, तेही पाहिले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली गोपनीयतेची जबाबदारी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांच्यावर आहे. प्रमाणपत्र एकदा कचेरीत पोहोचले, की ते हाताळणारा कारकून किंवा व्यवस्थापक त्या कलमाने तसा बांधला जात नाही. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यातले नोकरी टिकवण्याचे संरक्षण प्रामुख्याने सरकारी आस्थापनांसाठी आहे, आणि साध्या चिंताविकाराचे बहुतेक रुग्ण अपंगत्वाच्या व्याख्येत बसतही नाहीत. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' मानली होती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये असा वेगळा वर्गच नाही. उलट, 'रोजगाराच्या प्रयोजनासाठी' कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची सवलत त्याच्या कलम ७ मध्ये मालकाला मिळाली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या सवलतीत कर्मचाऱ्याचे औषधाचे बिल बसते का, हा वाद आज ना उद्या न्यायालयात जाणारच.

माहिती फुटते ती मोठ्या चोरीतून नव्हे, तर रोजच्या सवयींतून. आजारी असल्याचा निरोप कचेरीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला जातो. रजेच्या अर्जाला प्रमाणपत्राऐवजी औषधांची चिठ्ठी जोडली जाते, आणि चिठ्ठीवरचे गोळीचे नाव इंटरनेटवर टाकले की आजार कळतो. गट विम्याचा दावा मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून पुढे जातो. वार्षिक तपासणीचा पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याबरोबर कंपनीलाही मिळतो.

यातले बरेचसे रुग्णाला स्वतःच थांबवता येते. एक-दोन दिवसच हवे असतील, तर नैमित्तिक रजा घ्यावी. तिला वैद्यकीय कारण लागत नाही. मोठी रजा लागणार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे की प्रमाणपत्र कचेरीत द्यायचे आहे. आजाराच्या नावाऐवजी 'वैद्यकीय उपचार सुरू आहेत, इतके दिवस विश्रांती आवश्यक' असे लिहिता येईल का, हे विचारावे. अर्जाला चिठ्ठी किंवा तपासणीचे अहवाल जोडू नयेत. विम्याची कागदपत्रे थेट विमा कंपनीकडे किंवा तिच्या मध्यस्थ संस्थेकडे पाठवण्याची सोय आहे का, ते पाहावे. वरिष्ठांना लिहायचेच असेल, तर चार ओळी पुरतात: 'माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार सहा आठवडे रात्रपाळी टाळावी. प्रमाणपत्र जोडले आहे. ही माहिती आपल्यापुरती ठेवावी, ही विनंती.'

मात्र न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. चिंताविकाराच्या रुग्णाला टायफॉइडचे प्रमाणपत्र देणे हा डॉक्टरचा गैरवर्तनाचा गुन्हा ठरतो, आणि ते उघडकीला आले तर कर्मचाऱ्यावर कारवाई करण्याचे आयते कारण मिळते. नोकरीच्या किंवा विम्याच्या अर्जावर थेट प्रश्न विचारलेला असताना खोटे उत्तर लिहून सही करणेही तसेच अंगाशी येते. कधीकधी सांगणेच हिताचे असते: पाळी बदलून हवी असेल, दर आठवड्याला समुपदेशनासाठी वेळ हवा असेल, तर एका विश्वासू वरिष्ठाला गरजेपुरते सांगावे. काय सांगायचे, हे मात्र रुग्णाने ठरवावे.

उपचारांबद्दलची भीतीही बहुतेक ऐकीव असते. विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारे समुपदेशन चिंताविकारात चांगले उपयोगी पडते. गरज पडली तर दिली जाणारी नैराश्यरोधक औषधे सवयीची नसतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. सवय लागते ती झोपेच्या आणि 'शांत करणाऱ्या' काही गोळ्यांची; त्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत. रोज अर्धा तास भरभर चालणे, संध्याकाळनंतरचा कटिंग चहा कमी करणे, झोपायच्या तासाभरापूर्वी कचेरीचे संदेश बंद करणे, हे साधे उपाय औषधांच्या जोडीला खरोखर मदत करतात. पण १२ तासांच्या कामावर प्राणायाम हा उतारा नव्हे. काम कमी करणे हाच तिथला उपचार. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर गुपिताचा विचार बाजूला ठेवून जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा आणि घरातल्या एकाला तरी सांगावे.

रुग्णालयांनाही करण्यासारखे काही आहे. रजेच्या प्रमाणपत्रावर विभागाचा शिक्का न मारता रुग्णालयाचा मारावा, म्हणजे 'मानसोपचार' हा शब्द पेढीपर्यंत पोहोचत नाही. आणि वैद्यक आयोग जेव्हा नवी आचारसंहिता आणील, तेव्हा प्रमाणपत्राच्या नमुन्यातली आजाराच्या नावाची जागा काढून तिथे 'कामास असमर्थ, दिनांक अमुकपासून अमुकपर्यंत' एवढेच ठेवावे. यासाठी नवा कायदा लागणार नाही, पैसाही लागणार नाही. आज ओपीडीच्या दारातून परत फिरणाऱ्यांपैकी काही जण तेवढ्यानेही आत येतील.