तक्त्यातली सगळ्यात वरची ओळ

मंडळी, आज जरा भांडायचंय.

ब्रूस एम्स हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, पण त्याचा युक्तिवाद नक्की ऐकलाय. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतं, "आम्ही आता फक्त ऑरगॅनिक आणतो, सगळीकडे केमिकल्स रे." मग टेबलावरचा एक हुशार माणूस (असतोच एक) म्हणतो, "तू जी कॉफी पितोयस ना, तिच्यात त्याहून जास्त कार्सिनोजेन आहेत." सगळे हसतात, ऑरगॅनिकवाला गप्प. विषय संपला, चला स्टँडअपला.

हा कॉफीचा मुद्दा एम्सच्या घरचा. बर्कलीचा बायोकेमिस्ट, जन्म 1928, गेला 2024 मध्ये. सत्तरच्या दशकात त्याने साल्मोनेला जंतू वापरून एक स्वस्त आणि झटपट चाचणी बसवली. एखादं रसायन जंतूच्या डीएनएत बदल घडवतं का, हे त्यावरून दोनेक दिवसांत कळतं. ती आज जगभर 'एम्स टेस्ट' म्हणून चालते. 1977 मध्ये मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून लावत त्या 'ट्रिस' रसायनाविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत हाच होता. आणि पुढे 1990 मध्ये यानेच लिहिलं, की अमेरिकन माणूस जेवणातून जी कीटकनाशकं पोटात घालतो त्यातली वजनाने 99.99 टक्के झाडांनी स्वतःच बनवलेली असतात. किडीला पळवायला झाडही विष बनवतंच की. त्या नैसर्गिक विषांपैकी तपासलेल्यांतली निम्मी उंदरांना भरपूर डोस दिला तर कॅन्सर करतात, कृत्रिम रसायनांसारखीच. म्हणजे 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्त आणि 'केमिकल' म्हणून घाबरलेले, दोघेही सारखेच गंडलेले.

मला हे पटतं. द्राक्षं धुवा, खा, झोपा. ऑरगॅनिकच्या दुप्पट भावाने तुमच्या घरातला कॅन्सर टळेल असं मला वाटत नाही.

माझं भांडण त्या हुशार माणसाशी आहे. त्याने एम्स अर्धाच वाचलाय.

1987 मध्ये एम्स आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक तक्ता छापला. कल्पना साधी: उंदरांना जेवढ्या डोसने कॅन्सर होतो, त्याच्या किती टक्के डोस माणसाला रोज मिळतो? जेवणातून येणाऱ्या डीडीटीचा आकडा 0.0003. पीनट बटरमधल्या बुरशीच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, 0.03. रोजच्या एका बिअरचा 2.8. शुक्रवारी रात्री पार्टी करून सोमवारी कोबीवरच्या फवाऱ्याची काळजी करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. पण त्याच तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ आहे. ईडीबी, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइड, हे धुरी देण्याचं रसायन; त्याच्याबरोबर काम करणारा, जास्त संपर्कातला कामगार, रोजचा श्वास. आकडा 140. शंभराच्या वर. म्हणजे उंदराला कॅन्सर करणाऱ्या डोसपेक्षाही जास्त.

तेच ईडीबी धान्यातून खाणाऱ्याच्या पोटात जातं तेव्हा आकडा 0.0004. रसायन एकच. फरक फक्त तुम्ही ताटाच्या बाजूला बसलात की डब्याच्या, एवढाच. (आपल्याकडे ईडीबीच्या काचेच्या कुप्या घरोघरी धान्याच्या कोठीत फोडत. 2001 मध्ये भारतात बंदी आली.)

आता लातूर-नांदेडकडे चला. पावसाळ्यात औसा, निलंगा, अहमदपूर, लोहा, कंधार, कुठल्याही रस्त्याला लागा. सोयाबीन, तूर, नांदेडकडे कापूस. पाठीवर पंप घेतलेला माणूस पिकातून चाललाय, अंगात बाह्यांचा शर्ट, तोंडाला बांधलाच तर रुमाल. पंप गळका असतो, पाठ ओली होते. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकून साफ करायचं. मिश्रण काठीने ढवळायचं, माप म्हणजे बाटलीचं टोपण. पाणी भरून द्यायला बायको किंवा शेजारची बाई. यातला कितीतरी भाग कातडीतून आत जातो, आणि त्याच हाताने भाकरी खाल्ली जाते. शेतमालक स्वतः फवारत असेल तर निदान बाटली त्याने विकत घेतलेली असते. रोजंदारीवरच्या माणसाने बाटली पाहिलेलीसुद्धा नसते, त्याला भरलेला पंप मिळतो.

आणि या सगळ्याला आपल्या भाषेत शब्द काय? 'औषध'. औषध मारलं, औषध आणलं. कृषी सेवा केंद्रात जाऊन विष द्या असं कुणी म्हणत नाही. त्याच गावात कुणी जीव दिला तर तेव्हाही लोक म्हणतात, त्याने औषध घेतलं.

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. लोकांना वाटतं हिरवा म्हणजे सुरक्षित. तो रंग ठरतो एका झटक्यात किती डोस पोटात किंवा कातडीतून गेला तर प्राणी मरतो यावर. वीस वर्षं दर हंगामात थोडं थोडं अंगात गेलं तर काय, याबद्दल तो त्रिकोण चकार शब्द काढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1991 मध्येच आर्सेनिक नसलेली कीटकनाशकं फवारण्याचं काम, हो, काम, 'बहुधा कॅन्सरकारक' या 2A गटात टाकलं. 2015 मध्ये लिंडेन थेट पहिल्या गटात गेलं, मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट 2A मध्ये. ग्लायफोसेटवर वाद आहे, मान्य. पण ते निर्धोक आहे असं सांगताना वर्षानुवर्षं ज्या 2000 सालच्या आढाव्याचा हवाला दिला गेला, तो लेख 2025 मध्ये त्या जर्नलने मागे घेतला. लेखनात कंपनीच्या माणसांचा हात होता आणि तो लपवला होता, हे त्यातलं एक कारण. आपल्याकडे ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागेपुरती होती. लातुरात चहाचे मळे किती आहेत ते शोधून मला कळवा.

हुशार माणूस आता म्हणेल, "पण मराठवाड्यात फवारणीमुळे कॅन्सर वाढल्याचा पुरावा कुठाय?" नाहीये. का नाहीये ते ऐका.

कॅन्सर वाढला की घटला हे कळायला लोकसंख्येवर आधारित नोंदणी लागते. हॉस्पिटलची यादी चालत नाही, कारण लातूरचा पेशंट बार्शीला जातो, सोलापूरला जातो, मुंबईला टाटाला जातो, नांदेडचा हैदराबादला. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात देशभरातल्या 28 नोंदण्यांचे आकडे होते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड. लातूर नाही, नांदेड नाही. बार्शीहून छोटी रेल्वे 1911 पर्यंत लातूरला पोचली होती. बार्शीची कॅन्सर नोंदणी 1987 ची, देशातली पहिली ग्रामीण, ती एवढं अंतर तेहेतीस वर्षांत कापू शकली नाही.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? सर्व्हरवर लॉगिंग बंद ठेवायचं आणि रिव्ह्यूला सांगायचं, एरर शून्य. आपल्या टीममध्ये कुणी असं केलं तर त्याचं काय होईल?

अमेरिकेत 1993 पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत फवारणारे शेतकरी आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे 89 हजार लोकांचा पाठपुरावा चाललाय. कोण काय फवारतं, किती दिवस, हातमोजे घालतो का, आणि पुढे कॅन्सर नोंदणीत त्याचं नाव येतं का. त्यातून नुसती भीतीच बाहेर आली असंही नाही. एकूण कॅन्सर शेतकऱ्यांत इतरांपेक्षा कमी निघाला, प्रोस्टेटसारखे काही जास्त. ग्लायफोसेटचा लिंफोमाशी ठोस संबंध 2018 च्या विश्लेषणात दिसला नाही. हे सगळं त्यांना म्हणता येतं, कारण त्यांनी मोजलं. आपण नाही म्हणतो ते न मोजता.

कॅन्सर लांबची गोष्ट. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. पैनगंगा ओलांडली की किनवट-माहूर, म्हणजे नांदेड जिल्हा, तोच कापूस, तीच दुकानं. कीटकनाशक नियम 1971 मधला नियम 37 म्हणतो, फवारणीच्या कामावरच्या माणसाची वैद्यकीय तपासणी करा. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजण्याची तरतूदही तिथेच आहे. गावाकडच्या कुणालाही विचारा, फवारणाऱ्याचं रक्त हंगामाआधी तपासलेलं त्याने कधी पाहिलंय का. मी विचारलं. लोक हसले, आणि एका काकांनी उलट मलाच विचारलं, "तपासून काय करणार, फवारणी थांबवणार का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही आहे. कोलिनेस्टरेज खाली गेलं असेल तर त्या माणसाला काही आठवडे पंपापासून लांब ठेवतात, तेवढ्यात ते भरून येतं. त्या आठवड्यांची हजेरी कुणीतरी द्यायला हवी. औषधाच्या दरात ती धरलेली नाही, सोयाबीनच्या भावात नाही, आणि तुमच्या ऑरगॅनिकच्या बिलातही नाही. तिथे जे जास्तीचे पैसे देता ते स्वतःच्या 0.0003 साठी देता.

कॅन्सर नोंदणीला तर फार यंत्रणाही लागत नाही. बार्शीत सुरुवातीपासून माणसं गावोगाव फिरली, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलली, गाठ, न भरणारी जखम, रक्तस्राव अशी लक्षणं सांगत राहिली, नावं लिहीत राहिली. तसंच लातूर-नांदेडला करायचं, फक्त फॉर्मवर आणखी तीन रकाने हवेत: स्वतः फवारता का, किती वर्षं, काय फवारता. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. मग दुकानदाराच्या बिलबुकातून भरा. कायद्याने त्याला विक्रीची नोंद ठेवावीच लागते.