ट्रॉलीच्या चाकाचं सील मापूनच घ्या

नागऱ्यासारख्या धानाच्या गावात ट्रॅक्टरची ट्रॉली बांधीच्या चिखलातून निघते आणि तशीच भरून राइस मिलवर जाते. चाकाचं बेअरिंग गेलं की बोल बेअरिंगला लागतो, पण अनेकदा आधी गेलेलं असतं ते मागचं ऑइल सील. तिथून ग्रीस बाहेर येतं, गढूळ पाणी आत शिरतं आणि माती मिसळलेलं ग्रीस बेअरिंगला पॉलिश पेपरसारखं घासतं. म्हणून सील अंदाजाने घेऊ नये. त्यावर ४५-६५-१० असं माप लिहिलेलं असतं: एक्सलचा व्यास, हबमधल्या जागेचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. एक्सलवर सील फिरतं तिथे नख फिरवून पाहावं. खाच लागली, तर नवं सीलही गळणारच. चिखलासाठी दुहेरी ओठाचं सील घ्यावं, स्प्रिंगचा ओठ ग्रीसकडे, धुळीचा बाहेर. ओठाला ग्रीस लावून, लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोकावं. थेट हातोडा मारला की कडा वाकते.

काही जण म्हणतात, ग्रीस गच्च भरलं की पाणी येतच नाही. पण गच्च भरलेलं ग्रीस तापून फुगतं आणि सीललाच बाहेर ढकलतं. हंगामात वेळ नसतो, हे मात्र खरं आहे. तेवढ्यासाठीच हब पावसाळ्याआधी, ट्रॉली रिकामी असताना उघडावा. भरलेली ट्रॉली रस्त्यात अडली तर मजुरी, भाडं आणि ओला होणारा धान, तिन्ही शेतकऱ्याच्याच अंगावर येतात.