साखर मोजली, मन राहिले

३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर, रक्तदाब आणि तीन प्रकारचे कर्करोग तपासण्याची केंद्राची विशेष मोहीम २० फेब्रुवारीला सुरू झाली आणि ३१ मार्च २०२५ला संपली. तपासणीच्या यादीत मनाला जागा नव्हती. ही चूक किरकोळ नाही.

साखर कशाने वाढली असे मधुमेही बाईला विचारा. ‘टेन्शनने,’ ती लगेच सांगते. मुलीचे अडलेले लग्न, नवऱ्याची दारू, डोळ्याला डोळा न लागणे, उद्या पाय कापावा लागेल ही धास्ती, सगळे त्या एका शब्दात असते. त्यावर तपासणीच्या खोलीत उत्तर मिळते, ‘टेन्शन घेऊ नका, गोड बंद करा.’ हा उपचार नव्हे, ऐकून न ऐकणे आहे. पुढे गोळ्या चुकल्या की ‘पेशंट ऐकत नाही’ म्हणून दोषही तिच्याच माथी. तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. ताणाने शरीरात कॉर्टिसोल वाढते, त्याने साखर वाढते आणि खचलेल्या माणसाला पथ्य सांभाळण्याची उमेदच राहत नाही.

‘डिप्रेशन’ म्हटले की लोक दचकतात, ‘मी काय वेडा आहे?’ विचारतात. ‘टेन्शन’ मात्र मोकळेपणाने सांगतात. बोलणे तिथूनच सुरू व्हायला हवे.

आशाताई घरोघरी भरतात त्या ‘सीबॅक’ या आजारांच्या धोक्याची नोंद घेणाऱ्या अर्जात मनाविषयी दोन प्रश्न आहेत, नाही असे नाही: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही का, उदास वाटते का? पण दारात, सासूसमोर विचारल्यावर कोणती सून खरे सांगेल? आणि सांगितलेच, तर पुढे तिच्याशी निवांत बोलायचे कोणी? मानधनासाठी आझाद मैदानात बसावे लागलेल्या आशांच्या माथी आणखी एक रकाना मारून हे भागणार नाही.

मार्ग माहीत नाही, ही सबब तर चालणारच नाही. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सरकारी केंद्रांतील मनाने खचलेल्या रुग्णांना सावरले. निष्कर्ष २०१०मध्ये छापून आले. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांची साखर आणि नैराश्य एकत्र हाताळण्याचा प्रयोग झाला. त्यात दोन्हींत सुधारणा दिसली, हे २०२०मध्ये जाहीर झाले. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह तपासणीच्या दिवशी एक समुपदेशक आणि दार लावता येईल अशी एक खोली का नाही? आरोग्य खात्याने याचे उत्तर पुढच्या मोहिमेआधी द्यावे.