जनावराचाही फेरफार हवा

दिवाळीच्या आधी एका रात्री अकराच्या सुमारास फोन आला. वडखळच्या पुढे महामार्गावर गाडीची धडक बसून गाय पडली होती. डॉक्टरांनी तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकला, तर मालक म्हणून माझं नाव निघालं. पण ती गाय मी दीड वर्षापूर्वीच रोह्याकडच्या एका शेतकऱ्याला विकली होती. त्याचा फोन नंबर माझ्याकडे उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा ठावठिकाणा लागला, तोवर गाय गेली होती.

विकताना आम्ही पैसे मोजले, दावं सोडलं, गाय टेम्पोत चढवली. नोंदीवरचं नाव बदलायचं दोघांनाही सुचलं नाही.

वडिलांच्या काळी याची गरज नव्हती. भात कापून झालं की आमच्या पेणच्या खारेपाटात गुरं मोकळी सुटत. शिंगांच्या वळणावरून, कपाळावरच्या चांदावरून कुणाचं जनावर ते गावातलं पोरही सांगे. हरवलंच तर कोंडवाड्यात जाऊन बघायचं. आता पेणची गाय रोह्याला जाते, तिथून आणखी कुठे. तिथे तिचं कपाळ कोण ओळखणार?

म्हणून बिल्ल्याची सक्ती मला मान्य आहे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, आपत्तीत मेलं तर भरपाई नाही. दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये मिळतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात ज्यांच्या गोठ्यांचे पत्रे उडाले, त्यांना या रकमेचं मोल सांगावं लागत नाही.

पण सगळा जोर बिल्ला मारण्यावरच आहे. कानाच्या मधोमध, शिरा चुकवून पक्कड दाबली की खट् होतं, गाय मान झटकते, रक्ताचा एखादा थेंब येतो आणि काम झालं म्हणून माणसं पुढच्या गोठ्यात जातात. पुढे बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून कान फाटतो. नवा मारताना जुना नंबर त्याला जोडला नाही, तर लसी, रेतन, वेत यांची सगळी नोंद पुसली जाते.

जमीन विकली की सातबाऱ्यावर फेरफार होतो. तसा जनावराचाही व्हावा, आणि तो ग्रामपंचायतीत, विक्रीचा दाखला देतानाच. नाव बदलताना मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर अडून बसू नये. कातकरी वाडीतल्या दोन शेळ्यांच्या मालकिणीकडे फोन असेलच असं नाही. तिचा अंगठा पुरेसा मानावा.

गेल्या महिन्यात मी एक पाडी विकली. घेणाऱ्याला आधी दवाखान्यात नेलं, नाव बदलून घेतलं, मगच दावं त्याच्या हातात दिलं. त्यात त्याचा अर्धा दिवस मोडला आणि तेवढी मजुरी बुडाली.